वाचक विचारतात: करवत फसते कुठं, आणि झाड पडतं कुठं

मागच्या अंकात लाकूडतोड आणि करवतकामावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, वाटलं चार-पाच येतील. पण पिशवी भरून आलीत, त्यात निम्मे मशीन, म्हणजे चेनसॉ, कुठली घ्यावी असे आहेत आणि त्याचं उत्तर मी देणार नाही, कंपनीचं नाव छापलं की दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीचा डीलर फोन करतो. बाकीच्यातले निवडून घेतलेत. मी स्वतः आधी कूपावर, म्हणजे जंगलात तोडीसाठी आखून दिलेल्या भागात, करवत ओढली आणि नंतर लाकडाच्या डेपोत टेप घेऊन मापं घेतली, त्यामुळं उत्तरं थोडी त्या बाजूनं झुकलेली असणार, समजून घ्या.

प्रश्न: काका, मी एटापल्लीकडचा. यंदा पहिल्यांदा कूपावर आलोय, आमच्याकडं मशीन एकच आहे आणि बाकी ओंडके दोन माणसांच्या करवतीनं तोडावे लागतात. अर्ध्यात गेलं की करवत अशी फसते की दोघं लटकलो तरी हलत नाही. जुना गडी म्हणतो दात बोथट झालेत, मी कानस मारली तरी तेच. चूक कुठं होतेय?

भाऊ, दात बोथट असले तर करवत हळू चालते, फसत नाही. फसते ती लाकडाच्या वजनानं. हा फरक आधी डोक्यात घे कारण लोक पूर्ण दिवस कानस घासत बसतात आणि दोष लाकडाच्या बैठकीत असतो.

ओंडका जमिनीवर कसा टेकलाय ते बघ. दोन्ही टोकं टेकलीत आणि मधला भाग अधांतरी आहे, तर तो मधून खाली वाकायला बघतो, म्हणजे वरच्या बाजूला दाब आणि खालच्या बाजूला ताण. तू वरून कापत आलास की वरची फट मिटत जाते आणि पातं चिमटीत सापडतं. अशा वेळी वरून चौथा हिस्सा कापून झाला की लगेच पात्याच्या मागं फटीत पाचर ठोक, लाकडी चालेल, ऐनाची किंवा धावड्याची कर, आणि जसजसं खाली जाशील तसतशी पाचर अजून एक-एक घाव आत. त्याहून सोपं म्हणजे कापायच्या जागेच्या अगदी शेजारी खाली एक आडवं लाकूड सरकव, म्हणजे वजनच उचललं जातं आणि वाकायचं कारण संपतं. सब्बल लावून दोन मिनिटांचं काम आहे पण कोणी करत नाही.

उलटं म्हणजे एक टोक टेकलंय आणि दुसरं बाहेर लोंबतंय. इथं वर ताण आणि खाली दाब. इथं वरूनच कापत गेलास तर करवत फसणार नाही पण शेवटच्या इंचा-दोन इंचाला लोंबणारा तुकडा मोडून जातो आणि जाताना खालच्या बाजूनं लांब चीर घेऊन जातो, सागाचा असा चिरलेला ओंडका डेपोत खालच्या दर्जाला जातो, साहेबाला नाही कळलं तरी व्यापाऱ्याला कळतं. म्हणून आधी खालून. मशीनवाला खालून पट्टीच्या (जिच्याभोवती साखळी फिरते तिच्या) वरच्या धारेनं तिसरा हिस्सा कापून घेतो, दोन माणसांच्या करवतीला ते जमत नाही, तिथं कुऱ्हाडीनं खालच्या बाजूला खाच पाड आणि मग वरून त्या खाचेवर उतर.

उतारावर असाल तर अजून एक. दोघं ओंडक्याच्या दोन बाजूंना उभे राहता, म्हणजे एक जण उताराच्या खालच्या अंगाला आलाच. ओंडका तुटला की घरंगळतो. म्हणून आधी दोन्ही तुकड्यांना खालून खुंट्या ठोकायच्या आणि शेवटचे दोन-तीन इंच राहिले की खालच्या गड्यानं आपली मूठ काढून घेऊन वर यायचं, उरलेलं वरच्यानं एकट्यानं ओढायचं. वेळ जातो, जाऊ दे.

आता दातांबद्दल, विचारलंस म्हणून. भुसा बघ. लांब-लांब सुरळ्या पडत असतील तर करवत चांगली आहे, पिठासारखा पडत असेल तर बोथट. कानस मारण्याआधी सगळ्या दातांची टोकं एका रेषेत आहेत का ते सपाट कानस वरून फिरवून बघायचं, एक दात उंच राहिला की तोच सगळं काम करतो आणि झटके बसतात. मग दात एकाआड एक डावी-उजवीकडं थोडे वळवलेले असतात, त्यानं पात्यापेक्षा फट रुंद होते. ओल्या नरम लाकडाला जास्त वळवा, वाळलेल्या कडक लाकडाला कमी. सगळ्यालाच जास्त वळवलं की भुसा जास्त आणि दम जास्त, काम तेवढंच. चिकट लाकडाला पात्यावर रॉकेल पुसायचे आमच्यात, आता रॉकेल मिळत नाही, डिझेलचा बोळा चालतो.

आणि ओढायचं, ढकलायचं नाही. तू ओढलंस की सोड, समोरचा ओढेल. नवीन माणूस मदत म्हणून ढकलतो आणि पातं मधोमध वाकतं.

प्रश्न: सर, मी चंद्रपूरला कॉलेजला आहे, प्रोजेक्टसाठी विचारतेय. पूर्वी फळ्यासुद्धा हातानं कापायचे का? आणि हे लोक कुठं गेले?

हो. खड्डा खणायचा किंवा उंच घोडीवर ओंडका चढवायचा, वर एक माणूस, खाली एक. आधी ओंडक्यावर गेरूत किंवा कोळशाच्या पाण्यात भिजवलेलं सूत मारायचं आणि त्या रेषेवर उभी करवत चालवायची. वरचा माणूस रेष सांभाळतो आणि करवत वर उचलतो, खरं कापणं खाली येताना होतं म्हणजे खालच्याच्या ओढीनं. भुसाही त्याच्याच डोळ्यात. मजुरी दोघांना सारखी मिळायची की नाही यावर वाद होत, मला विचाराल तर खालच्याला जास्त मिळायला हवी होती.

आरागिरण्या, म्हणजे लाकूड कापायच्या मिल, आल्या तसं हे काम मागं पडलं आणि कूपावरची तोड मात्र हातानंच बरीच वर्षं चालली. तुम्ही चंद्रपूरच्या आहात तर बल्लारपूरचा डेपो बघून या, आलापल्ली भागातला साग तिथं येतो, अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये लाकूड गेलं ते तिथूनच. ओढायला हत्तीसुद्धा होते, गडचिरोलीत कमलापूरला कॅम्प आहे, तिथले हत्ती लाकूड ओढायच्याच कामाचे होते. आणि संघटनेचा भाग प्रोजेक्टमध्ये घ्यायचा असेल तर जंगल कामगार सहकारी संस्था बघा. त्या खेर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री असताना 1947 पासून उभ्या राहिल्या, त्याआधी कूप ठेकेदाराला जायचा आणि तोडणारा आदिवासी त्याच्या उधारीत असायचा, संस्थेनं कूप घ्यायचा म्हणजे मधला माणूस काढायचा असा विचार होता. सगळीकडं तसं घडलं असं म्हणवत नाही, काही संस्थांत मधला माणूसच चेअरमनच्या आड बसला. 1974 ला वनविकास महामंडळ झालं, मग बरंच काम तिकडं गेलं. मग 1996 ला सुप्रीम कोर्टाचा जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन केसमधला मोठा आदेश आला, आरागिरण्यांच्या परवान्यांवर करडी नजर सुरू झाली आणि जंगलतोड वर्किंग प्लॅनप्रमाणेच, म्हणजे वनखात्याच्या मंजूर आराखड्याप्रमाणेच, करायची हे पक्कं झालं. करवत्ये कुठं गेले म्हणाल तर बरेच मशीनवर आले, बरेच बांधकामावर सेंट्रिंगला. सूत मारता येणाऱ्या माणसाला सेंट्रिंग जड जात नाही.

प्रश्न: नमस्कार. माझे मिस्टर गेली बरीच वर्षं चेनसॉ चालवतात, आम्ही गोंदिया जिल्ह्यात राहतो. थंडीत सकाळी त्यांच्या बोटांची टोकं पांढरी पडतात, मुंग्या येतात, मग लाल होऊन दुखतात. शर्टाची बटणं लावायला मला बोलावतात. म्हातारपण आलंय म्हणतात पण वय काही तेवढं नाही. काय करावं?

ताई, वय नाही हे, मशीनची थरथर आहे. बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा थरथरीनं खराब होतात, गारवा लागला की वाहिन्या आवळतात आणि बोट पांढरं पडतं. 1960 च्या दशकात युरोपात आणि जपानात जंगल कामगारांमध्ये हे मोठ्या प्रमाणावर दिसलं, त्यानंतरच मशीनच्या मुठीला रबर आणि स्प्रिंग यायला लागल्या, आणि जपानच्या सरकारी जंगलखात्यात तर एका माणसानं दिवसाला दोनच तास मशीन धरायची असं ठरलं. आपल्याकडं सकाळी स्टार्ट करतात ते जेवायलाच बंद.

पहिलं काम, डॉक्टरकडं न्या आणि "मी चेनसॉ चालवतो" हे पहिल्या वाक्यात सांगायला सांगा. हे सांगितलं नाही तर व्हिटॅमिनच्या गोळ्या मिळतात आणि वर्ष जातं. साखर, मणका यामुळंही मुंग्या येतात, ते तपासून होईल. लवकर थांबलं तर रक्तपुरवठ्याचा त्रास बऱ्यापैकी कमी होऊ शकतो, पण नसा गेल्या की स्पर्श पूर्ण परत येईलच असं नसतं, आणि बटण लागत नाही म्हणजे गोष्ट पुढं गेलीय, थांबू नका.

दुसरं, कामाची वाटणी. सहा माणसांच्या टोळीत दोघांना मशीन शिकवा, एक टाकी संपली की दुसऱ्यानं धरायची आणि पहिल्यानं फांद्या छाटणं, माप, थप्पी हे करायचं. ठेकेदार म्हणेल हा हात बसलेला आहे, यालाच चालवू दे, हात बसलेला आहे म्हणूनच बिघडलाय हे त्याला सांगा.

तिसरं मशीन. मुठीची रबरं फाटली असतील तर ती काही शेकड्यात मिळतात, बदला. साखळी बोथट असेल तर माणूस मशीन लाकडावर दाबतो आणि थरथर दुप्पट हातात येते. धारदार साखळी स्वतःहून लाकडात ओढली जाते, नुसती धरायची असते. मूठ आवळून धरणं पण सोडायला सांगा, पक्की धरा पण पिळू नका. सकाळी हातमोजे आणि शेकोटीला हात गरम करून मगच सुरुवात. बिडी असेल तर ती पण सोडायला सांगा, तंबाखूनं वाहिन्या आवळतात, हे सांगून ते ऐकतील असं नाही तरी सांगताना माझं नाव सांगा.

आणि एक विचारलं नाहीत ते, टीव्हीचा आवाज वाढवून ऐकतात का? चेनसॉचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो. 85 डेसिबल आठ तास चालतो असं धरलं तर दर 3 डेसिबलला वेळ निम्मी करायची, म्हणजे 100 ला फक्त 15 मिनिटं. कानावरचे मफ किंवा फोमचे बोळे, काहीही, पण उघड्या कानानं नाही.

कामावर दुखापत झाली तर भरपाईचा हक्क 1923 च्या कायद्यापासून आहे, झाडतोड आणि लाकूड वाहतुकीचं काम त्याच्या यादीत होतं, आता तो विषय सामाजिक सुरक्षेच्या नव्या संहितेत आलाय. बोटांच्या आजारात हे मिळवणं पाय तुटण्यापेक्षा अवघड, खोटं कशाला सांगू. म्हणून डॉक्टरचे कागद आणि कामाचे मस्टर, दोन्हींच्या झेरॉक्स घरात ठेवा.

प्रश्न: काका मी कुडाळची. आमच्या परड्यात फणस आहे, जुना, सरळ, बुंध्याचा घेर साधारण पाच फूट आणि फांद्या सुटेपर्यंत आठ फूट खोड. घराच्या दारांना वापरायचा आहे. तोडणारा म्हणतो मिलला न्यायला नको, मी चेनसॉनंच परड्यात फळ्या पाडून देतो. देऊ का? आणि किती लाकूड निघेल?

ताई, आधी परवानगी. फणस 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, साग, आंबा, खैर, ऐन, किंजळ वगैरेंबरोबर, त्यामुळं आपल्याच परड्यातला असला तरी आधी वनखात्याच्या परिक्षेत्र ऑफिसात अर्ज. मिलला न्यायचा तर वाहतूक पासही बघावा लागेल, तोडणारा म्हणेल मी बघतो, तुम्ही स्वतः कागद हातात घेतल्याशिवाय करवत लावू देऊ नका, कारण नाव सातबाऱ्यावर तुमचं आहे, त्याचं नाही.

आता माप. आपल्याकडं घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीनं गुणतात. घेर 60 इंच, चौथा भाग 15, पंधरा गुणिले पंधरा गुणिले आठ फूट, भागिले 144, झाले साडेबारा घनफूट. घेर मधोमध मोजा, बुंध्याला मोजला तर जास्त येईल आणि मग फळ्या कमी निघाल्या की तोडणाऱ्यावर संशय जाईल.

फळ्या कुठं पाडायच्या, तर मिलला. चेनसॉची साखळी एका कापाला साधारण आठ मिलिमीटर लाकूड भुसा करून टाकते, मिलमधल्या बँडसॉचं, म्हणजे पट्ट्यासारख्या फिरत्या करवतीचं, पातं दोन-तीन. एक इंची फळी म्हणजे 25 मिलिमीटर, मग चेनसॉला प्रत्येक फळीमागं आठ जाणार, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा फणस तुमच्या परड्यात भुसा म्हणून पडणार. बँडसॉला दहावा हिस्सा. त्यात चेनसॉनं हातानं पाडलेली फळी एका टोकाला जाड आणि एका टोकाला पातळ येते, ती रंधून सरळ करताना अजून जातं. हां, दाराच्या चौकटीचे तीन-चार इंची जाड वासे पाडायचे असतील आणि रस्ता नसल्यानं ओंडका बाहेर काढता येत नसेल तर परड्यात पाडा, काप कमी असतात, नुकसान चालतं. फळ्या नको.

खोडाचा अगदी मधला बिंदू कुठल्याही फळीच्या मधोमध येऊ देऊ नका, ती फळी हमखास फुटते. मिलवाल्याला सांगा, मध्य सोडून काप.

वाळवण हा भाग लोक गडबडीत संपवतात आणि मग पावसाळ्यात दार लागत नाही म्हणून रंधा मारत बसतात. पाडल्या दिवशीच फळ्यांच्या दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट किंवा मेण फासा, कारण ओल टोकांतून सर्वात भराभर निघते आणि टोकंच फुटतात. मग जमिनीपासून हातभर उंच, सावलीत, वारा आरपार जाईल अशी थप्पी, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये एक इंची पट्ट्या आणि त्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एकाच उभ्या ओळीत, पुढं-मागं झाल्या की फळी तिथं वाकते. वर जड दगड. दिवाळीनंतर रचलीत तर एक इंची फळी मे अखेरपर्यंत बरीच वाळेल, चौकटीच्या वाशांना अजून एक वर्ष द्या. सुताराला घाई असेल तर सुतार बदला.

प्रश्न: सातारा जिल्हा, वाई तालुका. बांधावर निलगिरी आहेत, एक वाकडी आहे, विजेच्या तारेकडं झुकलीय. स्वतःच तोडीन म्हणतो, व्हिडिओ बघितलेत. दोर लावून ओढलं तर उलट्या बाजूला पडेल ना?

नाही पडणार, आणि पडलीच तर तुमच्या नशिबानं. झुकलेल्या झाडाचं वजन झुकलेल्या बाजूला असतं, दोन माणसांची ओढ त्या वजनापुढं काहीच नाही. तारेजवळचं झाड हे तोडायचं काम नाही, महावितरणला अर्ज द्या, लाईन बंद करून घ्या आणि वरून फांद्या कमी करत आणणारा माणूस बोलवा. ओलं लाकूड आणि ओला दोर दोन्हींतून करंट येतो.

बाकीच्या सरळ निलगिरींसाठी सांगतो. पडायच्या बाजूला आधी खाच, खोलीला खोडाच्या जाडीच्या पाचवा ते चौथा हिस्सा, तोंड मोकळं, निदान 45 अंश. मग मागून कापायचं, खाचेच्या तळापेक्षा इंचभर वर, आणि आरपार जायचं नाही. खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये जाडीच्या दहाव्या हिस्स्याएवढी पट्टी सोडायची, ती झाडाची बिजागरी, तीच झाडाला दिशा देते. लोक घाबरून ती पूर्ण कापून टाकतात आणि मग झाड बुंध्यावर गिरकी घेऊन वाटेल तिकडं जातं. मागच्या कापात पाचर आधीच घालून ठेवा, पात्याला लागणार नाही एवढी.

पुढं जास्त झुकलेली निलगिरी मागून सरळ कापत गेलात तर खोड उभं चिरून मागचा भाग तुमच्या छातीच्या उंचीला उसळतो. उभे दोरे सरळ असलेल्या झाडांत हे जास्त. यात माणसं मरतात, आणि व्हिडिओत ही गोष्ट तीन सेकंद दाखवतात.

सुरुवात करण्याआधी पळायची वाट साफ करा, झाड पडायच्या दिशेच्या उलट पण तिरपी, सरळ मागं नाही, कारण बुंधा मागं सरकतो. झाडाच्या दुप्पट उंचीएवढ्या अंतरात कोणी नको, बघायला आलेली पोरं तर आधी. वर सुकलेली फांदी लटकलेली आहे का बघा. वारं असेल तर घरी जा. आणि झाड अर्धवट पडून दुसऱ्या झाडात अडकलं तर त्याच्या खाली जाऊन दुसरं झाड तोडायचं नाही, हे लिहायची गरज पडू नये पण पडते.

प्रश्न: सुरगाणा भागातून. संस्थेच्या कूपावर आम्ही ओंडका मोजला तर डेपोच्या कागदावर कमी घनमीटर दिसतं. एका पोरानं मोबाईलवर वर्तुळाचं सूत्र लावून काढलं तर वीस टक्क्यांच्या वर फरक. चोरी आहे का?

पोरगा हुशार आहे पण चोरी यात नाही, पद्धत आहे. वर कुडाळच्या ताईंना सांगितली तीच, घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग. घेर 120 सेंटिमीटर, लांबी 3 मीटर घ्या. चौथा भाग 30, म्हणजे 0.3 गुणिले 0.3 गुणिले 3, आलं 0.27 घनमीटर. खऱ्या गोलाच्या सूत्रानं 0.344 येतं. म्हणजे कागदावर नेहमी साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच दिसणार, इंग्रजांच्या काळापासून. गोल लाकडाची चौकोनी फळी करताना बाजूचं जातं ते आधीच वजा धरलंय असं समजा. विकणारा आणि घेणारा दोघंही त्याच सूत्रानं मोजतात, भाव त्यावरच ठरलेला असतो, त्यामुळं नुकसान कोणाचं नाही. पण तुमची मजुरी घनमीटरवर असेल तर दर ठरवतानाच विचारा की कुठल्या घनमीटरचा, आणि साल काढून की सालीसकट. साल असलेला घेर आणि नसलेला घेर यात जाड सालीच्या झाडाला चांगलाच फरक पडतो आणि घोळ खरं तर तिथं होतो.

दुसरी जागा म्हणजे तुकडे कुठं पाडले. सागाचा भाव घेराच्या गटावर आणि सरळपणावर जातो. एक लांब ओंडका मधे वाकडा असेल तर वाकड्या जागी तोडून दोन सरळ तुकडे जास्त देतात, पण लांब सरळ असेल तर तो तोडणाऱ्यानं आपल्या खांद्याला हलकं व्हावं म्हणून दोन केले की पैसे गेले. म्हणून कूपावर करवत लावण्याआधी खडूनं खुणा करणारा माणूस टोळीतला सगळ्यात जाणता हवा, बहुतेक ठिकाणी तो सगळ्यात मोठ्या आवाजाचा असतो.

प्रश्न: जर्मनीतून, बाडेन भाग. घरात लाकडाची शेगडी आहे. इथला वनाधिकारी म्हणतो जंगलातलं पडलेलं लाकूड स्वतः कापून न्या, स्वस्त पडेल, पण कोर्सचं सर्टिफिकेट दाखवा. पुण्यात शेतावर मी चेनसॉ चालवलेली आहे, चालेल का?

नाही चालणार, कोर्स करा, साधारण दोन दिवसांचा असतो आणि पहिल्या दिवशी वर लिहिलेला ताण आणि दाबच शिकवतात. कटप्रूफ पँट, हेल्मेट, बूट लागतील. ती पँट कापड म्हणून मजबूत नसते, तिच्या आतले लांब धागे साखळीत अडकून मशीन जागच्या जागी बंद पाडतात, म्हणून एकदा कापली गेली की शिवून परत वापरायची नाही. आणि भाव ठरवताना विचारा की रचलेल्या ढिगाचा मीटर आहे की भरीव लाकडाचा, रचलेल्या एका मीटरमध्ये भरीव साधारण 0.7 असतं. आपल्या जळाऊ लाकडाच्या रचलेल्या चट्ट्याचंही तेच आहे, रचणारा हुशार असला की चट्टा मोठा आणि लाकूड कमी.

प्रश्न: अमावास्येला तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही म्हणतात, खरं का? (पालघर)

चंद्राचं मी काही सांगू शकत नाही, स्टार्चचं सांगतो. भुंगा बांबूतला स्टार्च खायला येतो. पावसाळा संपल्यावर हिवाळ्यात तो कमी असतो आणि नवे कोंब यायच्या आधी उन्हाळ्यात जास्त, म्हणून हिवाळ्यात तोडा, तीन वर्षांच्या वरचा तोडा, कोवळा सोडा. मग वाहत्या पाण्यात तीन-चार आठवडे बुडवून ठेवा, स्टार्च धुवून जातो, आपले लोक ओढ्यात दगड ठेवून दाबायचे ते याचसाठी. अमावास्या पाळणारा माणूस हिवाळ्यातलीच अमावास्या धरतो, त्यामुळं त्याचा बांबू टिकतो आणि श्रेय अमावास्येला जातं. पाळायची असेल तर पाळा, नुकसान काही नाही. तोडताना जमिनीजवळच्या पेराच्या गाठीच्या अगदी वर करवत लावा, गाठीच्या वर नळी उरली की त्यात पाणी साठतं आणि बेट कुजतं. कोयत्यानं तिरपा घाव घालण्यापेक्षा बारीक दातांची करवत बरी, चिरत नाही.

प्रश्न: चेनसॉमध्ये पेट्रोल-ऑइल किती? दुकानदार एक सांगतो, यूट्यूब दुसरं. आणि पट्टीचं टोक लागलं की मशीन अंगावर येते, माझीच येते की सगळ्यांची? (यवतमाळ)

सगळ्यांची येते. पट्टीच्या टोकाच्या वरच्या चौथाई भागाला साखळी लाकडाला लागली की मशीन वर आणि मागं उसळते, तुमच्या तोंडाकडं. टोकानं कापायचं नाही, मागं दुसरं लाकूड लपलेलं नाही ना बघायचं, डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून घालायचा, खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही, आणि पुढचा ब्रेक रोज सकाळी ओढून बघायचा. काही जण तो ब्रेक मध्ये येतो म्हणून काढून ठेवतात. त्यांच्याबरोबर कामाला जाऊ नका.

ऑइलचं, मशीनच्या पुस्तकात असेल तेच. चांगलं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर बहुतेक नव्या मशीनना 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली, जुन्या किंवा स्वस्तातल्यांना 25 ला 1, लिटरला 40. अंदाजानं झाकणानं ओतू नका, मेडिकलमधून सिरिंज घ्या. आता पंपावर पेट्रोल मिळतं त्यात इथेनॉल असतं, ते ओल ओढतं, त्यामुळं मिसळलेलं पेट्रोल डब्यात महिनोन्महिने ठेवायचं नाही आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून, मशीन चालू ठेवून कार्ब्युरेटरमधलं संपवून मगच पोत्यात बांधायची. पट्टीच्या ऑइलची टाकी वेगळी असते, तिथं इंजिनचं जळकं ऑइल घालणारे आहेत, पट्टी लवकर जाते आणि त्याचे शिंतोडे हातावर, कपड्यावर, ओढ्यात. पेट्रोल भरलं की दर वेळी ती टाकीही भरायची, पेट्रोल आधी संपावं आणि पट्टीचं ऑइल थोडं उरावं, उलटं झालं तर कोरड्या पट्टीवर साखळी चालतेय.